कुंकू न काढणारा शाम्पू

८ सप्टेंबर, सोमवार

...मग सडा. सडा झाला की चहा, दोन कप. चहा उकळेपर्यंत हे बादली भरायचे, अर्धी, खुणेपर्यंत. निळ्या बादलीला आतून खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला होता, कारण नळ आठव्या दिवशी. त्यात एक टोपण शाम्पू. माझं पीठ मळून होईपर्यंत गाडीचा टप आणि काचा, पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत दारं, सगळ्यात शेवटी चाकं. गुरुवार आणि रविवार धुणं, बाकी दिवस नुसतं कोरडं फडकं. मी आतून ओरडायची, चहा गार होतोय. हे बाहेरून, "चहा परत तापवता येतो. गाडी तापली की धुता येत नाही." रोज तेच. भांडणही नाही आणि बोलणंही नाही, नुसता आवाज.

आज हे सगळं वर आलं ते प्रमोदच्या फोनमुळं. पुण्याहून दुपारी केला. गाडीला गिऱ्हाईक आहे. शेंद्र्याचे काळे, यांच्याच कंपनीत यांच्या हाताखाली होते. पितृपंधरवडा संपल्यावर बघायला येणार, पंधरवड्यात वाहन कोण बघतं.

"आई, तेवढ्यात धुऊन घे. कपड्याचा साबण लावू नको, रंग मरतो. गाडीचा चांगला शाम्पू मिळतो. बघून आण."

मी बरं म्हणाले. मला गाडी येत नाही. अकरा महिने पत्र्याखाली उभी आहे. उभी गाडी मरते असं जो तो सांगून जातो. विकायला माझी ना नाही.

नळ नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

कव्हर काढलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

धूळ कव्हरच्या आतसुद्धा जाते. मागच्या काचेवर बोट फिरवलं तर रेघ उठली. कव्हर फाटलेल्या जागी, डाव्या दारावर, साळुंकीची घाण वाळून बसली आहे.

बॉनेटवर ते आहेच. वाटलं होतं गेलं असेल.

गेल्या दसऱ्याला काढलेलं स्वस्तिक. दर दसऱ्याला हे गाडीला हार घालायचे, नारळ फोडायचे आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. पांढऱ्या रंगावर कुंकवाचा डाग बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत शाम्पूनं पुसून टाकायचे. सोसायटीत बाकीच्यांच्या गाड्यांवर दिवाळीपर्यंत गुलाबी राहायचं. आमची दुसऱ्या दिवशी कोरी. त्याचा यांना अभिमान होता.

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, गाडीचं राहिलंय. "राहू दे. उद्या पुसतो."

पाचव्या दिवशी गेले.

१० सप्टेंबर, बुधवार

मी गाडीजवळ भिंग घेऊन गेले. पेपर वाचायचं.

स्वस्तिक फिकं झालंय, उजवी खालची रेघ थोडी तिरकी. चार ठिपके हे नेहमी अंगठ्यानं द्यायचे. तीन ठिपके नुसते डाग आहेत. चौथा, उजवीकडचा खालचा, त्यात अंगठ्याच्या रेषा दिसतात. गोल फिरत आत गेलेल्या. मधे एक आडवी चीर, लेथवर कापलं होतं ती.

तीन वेळा बघितलं. आहेत.

यांचे फोटो आहेत घरात. चष्मा आहे, शर्ट आहेत. पण हात लावल्यासारखं असं दुसरं काही नाही.

गाडी तर धुवायची आहे. आता कसला शाम्पू आणू.

११ सप्टेंबर, गुरुवार

डिकीत यांचा डबा सापडला. मऊ फडकी तीन, जुना दात घासायचा ब्रश, आणि शाम्पूची बाटली. तळाला चारेक टोपणं उरलीत. लेबल पाण्यानं गेलेलं. भिंगाखाली धरून अक्षरं लावत बसले. मी पिशोरला चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, आणि इंग्रजी अक्षरं प्रमोदला अभ्यासाला बसवताना त्याच्याबरोबर. एक एस दिसतो. मग पुसलेलं. मग आय, एन, ई.

हे कोणता शाम्पू वापरायचे ते एकदाही विचारलं नाही. तेहतीस वर्षांत बाकी सगळं विचारलं.

बाटलीतलं वापरायचा जीव झाला नाही. मग घरातल्या केसांच्या शाम्पूच्या दोन पुड्या फोडल्या. शाम्पू तो शाम्पू, असं वाटलं. डिकीजवळच्या बाजूला लावून बघितलं, बॉनेटपासून लांब. फेस थांबेना. अर्धी बादली संपली, अजून अर्धी गेली, तरी हात लावला की बुळबुळीत. वाळल्यावर पांढरे ओघळ, आणि संध्याकाळपर्यंत त्यावरच सगळी धूळ चिकटून बसली.

शेजारच्या कुलकर्णी वहिनी कुंपणावरून बघत होत्या. "अहो जाधव वहिनी, केस धुतले का गाडीचे? आता कंडिशनर लावा, गुंता व्हायचा!"

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. मग पिण्याच्या पाण्यातलं पाणी घेऊन ते सगळं काढलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

जालना रोडवरच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. अख्खी भिंत बाटल्यांची. निळ्या, हिरव्या, गुलाबी. एकेक उतरवून मागचं वाचत उभी राहिले. बऱ्याच बाटल्यांवर लिहिलंय, सावलीत धुवा, वरून खाली धुवा, फडकं वेगळं ठेवा. हे सगळं हे न वाचताच करत होते. एकीवर वॅक्स आहे म्हणून लिहिलंय. एकीवर पीएच न्यूट्रल, ते दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "म्हणजे सौम्य. रंगावरचं मेण जात नाही. भांड्याचा साबण मेण उतरवतो, हा उतरवत नाही. मावशी, गाडी कोणती?"

"पांढरी."

"डाग वगैरे आहेत का काही?"

"कुंकवाचा आहे."

त्यानं लगेच वरच्या फळीवरची काळी बाटली काढली. "हा घ्या. कुंकू, डांबर, झाडाचा चीक, काही राहत नाही."

"मला कुंकू न काढणारा पाहिजे."

"काढणारा म्हणायचंय ना?"

"न काढणारा. बाकीची घाण निघाली पाहिजे. कुंकू राहिलं पाहिजे."

तो माझ्याकडं बघत राहिला. मागं एक गिऱ्हाईक होतं, ते पण. मग म्हणाला, "असा शाम्पू कुणी बनवला तर मी पण घेईन मावशी, बायको रोज विचारते गंध कुठं पुसलं." आणि एकदम बाटल्या सरळ करायला लागला. माझं कपाळ बघितलं असेल.

शेवटी दोन घेतल्या. एक सौम्य म्हणाला ती, आणि एक सगळ्यात हलकी. हलकीबद्दल तो म्हणाला, "ही काहीच काढत नाही, मावशी. लोक शिव्या देतात मला."

१५ सप्टेंबर, सोमवार

काल सुचलं ते आज केलं. वाचून कळत नाही, लावून बघितलं पाहिजे.

देव्हाऱ्यातला करंडा अकरा महिन्यांत उघडला नव्हता. कुंकू खाली घट्ट बसलं होतं, नखानं मोकळं केलं. पाण्यात कालवून डिकीच्या झाकणावर ओळीनं चार ठिपके दिले. एक सौम्यासाठी, एक हलक्यासाठी, एक यांच्या बाटलीतल्यासाठी, एक नुसत्या पाण्यासाठी. दोन दिवस वाळू देणार.

बोट कुंकवानं लाल, आणि तेवढ्यात कुलकर्णी वहिनी वाटीत कढीपत्ता घेऊन फाटकातून आत. माझ्या हाताकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं. मी म्हटलं, गाडीला लावतेय.

"बरं," म्हणाल्या. कढीपत्ता दिला. जाताना वळून म्हणाल्या, "गाडीला लावलंत तसं स्वतःला लावलंत तरी आता कोण काय बोलणारे वहिनी. माझ्या मावसबहिणीनं लावायला सुरुवात केली."

बोट साबणानं धुतलं. निघाला रंग, पण नखाच्या कडेला राहिला.

१७ सप्टेंबर, बुधवार

नळ आला सकाळी सहाला, पाऊण तास. धरण भरलंय म्हणतात, नळाला काही कळलेलं दिसत नाही. टाकी, दोन पिंपं, सगळ्या कळश्या भरल्या. मग डिकी.

सौम्य: ठिपका गेला.
हलका: तो पण गेला. काहीच काढत नाही म्हणे.
नुसतं पाणी: अर्धा गेला, गुलाबी राहिलं.
यांच्या बाटलीतला: पहिल्याच पुसण्यात साफ. जागा शोधावी लागली.

यांचा शाम्पू सगळ्यात चांगला निघाला. असणारच. दर दसऱ्यानंतरच्या सकाळी कुंकू काढायलाच तर ठेवला होता.

मी काय करतेय ते मला समजत नाही. बसून राहिले पायरीवर. बाहेर झेंड्याची गाणी लावली होती कुठंतरी, मराठवाडा मुक्तिदिनाची. दहा वाजेपर्यंत बसले. भाकरी केली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्र.चा फोन. फोटो पाठव म्हणाला. पाठवले नाहीत. ढग आहेत म्हणून सांगितलं.

यांची बाटली पिशवीत घालून हर्सूलच्या रस्त्याला गेले. तिथं गाड्या धुवायचं सेंटर आहे, रऊफभाईंचं. हे तिथं कधी धुवायला जात नव्हते, पण गप्पा मारायला थांबायचे. वाटलं, बाटली बघून नाव सांगतील.

बाटली हातात घेतली आणि हसले. "भाभी, ये तो मेरीच बाटली है. जाधव साब आते थे, मैं कॅन में से भर के देता था. लेबल किसका भी हो, माल मेरा."

चार संध्याकाळी त्या लेबलवर भिंग धरून घालवल्या. एस, आय, एन, ई.

मग अंगठ्याचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, घरच्यांना नाही सांगितलं. रऊफभाईंचं हसणं थांबलं. म्हणाले, "कल जुम्मा है. नमाज के बाद आता हूं. देखे बगैर मैं कुछ नै बोलता."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रऊफभाई अडीचला आले. चपला फाटकाशी काढल्या, मी नको म्हणत होते. बॉनेटजवळ वाकून बघितलं, हात मागं बांधून. भिंग दिलं, त्यातून बघितलं. बराच वेळ.

"कुंकू में तेल था क्या?"

आधी आठवेना. मग आठवलं. गेल्या दसऱ्याला पाण्याचा तांब्या आत राहिला होता आणि मी पुरणात अडकले होते. दोनदा हाक मारली यांनी. तिसऱ्यांदा मारली नाही, निरांजनातलं तेल घेऊन त्यातच कुंकू कालवलं.

"तब्बीच टिका. तेल का कुंकू, साल भर बैठ गया. अब ये शाम्पू से नै जाता भाभी. मेरे शाम्पू से भी नै. हाथ हलका रखो, बस. ये जाएगा तो रबिंग से जाएगा, मशीन से."

मी विचारलं, नक्की?

"नक्की ऊपरवाला. मैं तो गाड़ी धोता हूं."

साळुंकीची घाण कशी काढायची ते दाखवलं. आधी ओलं फडकं वर ठेवून भिजू द्यायची, खरवडायची नाही. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पू, एकीत फडकं पिळायचं. बोअरचं पाणी नको, पांढरे थेंब उठतात. यांची बाटली पुन्हा भरून आणली होती. चहा घेतला. "साब मेरेकू बोलते थे, रऊफ, तू गाड़ी धोता नै, भगाता है." म्हणाले आणि फाटकाशी जाऊन चपला घातल्या.

आज भाकरी केली. दोन खाल्ल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

अमावास्या. प्रमोद सकाळच्या गाडीनं आला, गाडीचे कागद घ्यायला. वर्ष व्हायचंय म्हणून यंदा पान वाढलं नाही. खीर केली त्याला आवडते म्हणून.

जेवून बाहेर गेला. मी हात धुऊन गेले तर बॉनेटवर वाकला होता, नखानं खालची रेघ खरवडत होता.

"नख लावू नको!"

एवढ्या जोरात मी त्याच्यावर कधी ओरडले नाही, दहावीला नापास झाला तेव्हासुद्धा नाही. दचकला.

"अगं आई, डाग आहे. काळेंना फोटो पाठवू कसा? रबिंग-पॉलिश करून घेऊ ना. नवीन माणूस दसऱ्याला नवीन काढेल की स्वस्तिक."

मग सांगावं लागलं. हा ठिपका बाबांचा अंगठा आहे. भिंग दिलं.

बघितलं त्यानं. कान लाल झाले, लहानपणी रडू येण्याआधी व्हायचे तसे. मग खिशातून मोबाईल काढला. "फोटो काढून ठेवतो आई. मोठा करून देतो तुला, फ्रेम करून." पाच-सहा काढले. उन्हात, सावलीत, फडक्याची सावली धरून. पडद्यावर मोठे करून दाखवले. पांढऱ्यावर गुलाबी डाग. रेषा येत नाहीत. परत काढले. येत नाहीत.

"पुण्याला चांगला कॅमेरा आहे मित्राकडं," म्हणाला. मग मोबाईल खिशात टाकला.

निघताना, "नको विकायची का? सांग तसं."

काय सांगू. टायर बसलेत. बॅटरी गेली. विमा संपला. एका ठिपक्यासाठी गाडी ठेवायची, आणि ठेवून तरी मी काय करणार, रोज भिंग घेऊन जाणार. मी म्हणाले, विक. रबिंग नको, एवढंच.

"बरं, नाही करत," म्हणाला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आमचे नाहीत यंदा.

डिकीवर परत दोन ठिपके दिले, आता तेलात कालवून.

२४ सप्टेंबर, बुधवार

काळे आले, बायकोला घेऊन. तिचं नाव मीरा. यांच्याबद्दल काळे बोलले. "काकू, साहेबांनी मला मशीनला हात लावायला शिकवलं. लई रागवायचे, पण सुटी झाल्यावर स्वतःच्या डब्यातलं द्यायचे." मला डब्याचं माहीत नव्हतं. म्हणून डबा रिकामा यायचा.

गाडी बघितली. बॅटरी घेऊन आले होते, चालू झाली. तो आवाज ऐकून मी आत गेले, पाणी आणायच्या निमित्तानं.

परत आले तर मीरा बॉनेटसमोर. "काकू, हे साहेबांनी काढलेलं का?"

"व्हय."

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बॉनेटला नमस्कार केला, देवाला करतात तसा.

"पुसू नका हां काकू. आम्हाला नाय चालायचं ते पुसलेलं. दसऱ्याला सकाळीच न्यायला येतो, इथंच तुमच्या दारात पूजा करू, आणि ह्याच्यावरूनच गिरवते बघा मी. हीच रेघ, हेच ठिपके. म्हंजी साहेबांचा हात राहतोय की नाय?"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. किती चांगली मुलगी. तिच्या बोटानं गिरवलं की अंगठा गेला.

काळे म्हणाले, "काकू, धुऊन ठेवा मात्र. तुमच्याकडची गाडी म्हणजे चकाचक असायची, कंपनीत नाव होतं."

ठेवते म्हणाले. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर मीरा पेढा भरवत होती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. कव्हर नीट बांधलं, फाटलेल्या जागी प्लास्टिक.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस. पत्र्याखाली पाणी येत नाही, तरी चारदा बघून आले.

कुलकर्णी वहिनी चहाला बसल्या. सगळं सांगितलं शेवटी.

"मग सांगा की त्यांना सरळ. गिरवू नका म्हणावं."

"कसं सांगू? गाडी तुमची, पण ही बोटभर जागा आमची?"

"हो! तसंच सांगायचं. नाहीतर बॉनेट काढून ठेवा भिंतीला टांगून, गाडी द्या बिनबॉनेटची." मग माझा हात धरला. "अहो, मी सांगू का?"

नको म्हणाले. ती पोरगी जीव लावून बोलली. तिला वाटतंय ती ते जपतेय. तिला सांगायचं की तुझ्या जपण्यानंच जाणार आहे, ते कोणत्या शब्दांत. पुड्या आणि पेपर वाचले इतके, असं वाक्य कुठं आलं नाही.

आणि कुणाकुणाला सांगत बसायचं. आज काळे, उद्या त्यांच्याकडून दुसरा कुणी.

३० सप्टेंबर, मंगळवार

तेलाचे ठिपके आज धुतले. सौम्यानं एक, यांच्या शाम्पूनं एक. दोन्ही राहिले, फिके. आठवड्याचे राहिले म्हणजे वर्षाचा राहील. रऊफभाई बरोबर. तरी वाटतं, डिकीवरचे माझे ठिपके आणि तो ठिपका एक नाही. तिथं चुकलं तर चुकलंच.

प्र.चा फोन. "आई, धुतलीस का?" नाही. "शाम्पू आणलास ना?" तीन आहेत. "तीन?" हो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हे या दिवशी पाने-पकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडायचे. मी आज काही मांडलं नाही. डबा पुसून ठेवला तेवढा.

नळ आला. बादल्या भरून ठेवल्या, निळी अर्धी, खुणेपर्यंत, दुसरी पूर्ण.

तिन्ही बाटल्या ओट्यावर उभ्या आहेत. सौम्य, हलका आणि यांचा. यांच्या शाम्पूनं गाडी यांनी ठेवली तशी दिसेल. पण यांचा शाम्पू कुंकू काढण्यातच हुशार. हलक्यानं धुतलं तर गाडी मळकी दिसेल आणि काळे बोलणार नाहीत पण बघतील. नाही धुतली तर ते स्वतः नेऊन सेंटरवर धुतील, मशीनचा फवारा मारून.

आणि धुऊन राहिलं तरी मीराचं बोट आहेच. दहा वाजता येणार. तिनं करंडासुद्धा नवा घेतलाय म्हणे, काळे फोनवर सांगत होते.

अंगठ्याएवढी जागा आहे. मला ती राखता येत नाही.

उद्या पुसतो, म्हणाले होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी उठले, सडा घातला, चहा एक कप. मग यांच्या बाटलीतला एक टोपण निळ्या बादलीत. टप, काचा, दारं. घाण आधी भिजवली, मग अलगद निघाली. डावं दार यांच्या वेळच्यासारखं झालं. बॉनेटला आले तेव्हा वरणाची लहान वाटी आणली, त्या ठिपक्यावर पालथी घातली आणि डाव्या हातानं दाबून धरून उजव्या हातानं बाकी सगळं धुतलं. स्वस्तिक अजून थोडं फिकं झालं. वाटी उचलली. भिंग लावलं नाही.

सुकल्यावर करंडा आणला. निरांजनातल्या तेलात कुंकू कालवलं. गाडी त्यांची, पूजा त्यांची, आणि माझ्यासारखीनं वर्षाच्या आत असं करू नये हे मला माहीत आहे. काय म्हणतील ते म्हणतील, गाडी नको म्हणाले तर ते पण. बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्यापासून हातभर लांब, मी त्या दोघांना गिरवायला नवं स्वस्तिक काढलं, मोठं, सरळ रेघांचं, आणि चारही ठिपके अंगठ्यानं दिले. मग हात न धुता फाटक उघडून पायरीवर बसले.